भावोजींनी पालखी रद्द केली

माझ्या थोरल्या बहिणीचे, कमळाताईचे, यजमान म्हणजे आमचे भावोजी. नाव सदानंद. गावात सदू, रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरसाहेब. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी चौकशीच्या खिडकीमागे बसून काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली आज येणारच नाही, हे ते माइकवरून अशा थाटात सांगायचे, की गाडी चुकलेला माणूससुद्धा थांबून ऐकायचा. निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या नादी लागतात. भावोजी देवीच्या वेळापत्रकाच्या नादी लागले.

ताईचं सासर देवरूखच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे शिमग्यात वाघजाईची पालखी देवळातून निघते आणि वाडीवाडीतून घरोघर फिरते. मुंबईला कामाला असलेला गडी एक वेळ सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला येणार नाही, पण ज्या दिवशी पालखी त्याच्या घरी येते त्या दिवशी तो दारात हजर असतो. त्यासाठी रजा टाकायची, तर दिवस आधी कळायला हवा. म्हणून माघ लागला की भावोजींचा फोन खणखणायला लागायचा. ‘सदूकाका, आमच्याकडं पालखी कंदी?’ शेवटी कंटाळून त्यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक घराचा दिवस फोनमधल्या कॅलेंडरात टाकायचा आणि त्या घरातल्या मुंबईकराला त्याचं ईमेलवर आमंत्रण धाडायचं. त्याने ‘येणार’ वर बोट ठेवलं की भावोजींच्या फोनवर हिरवी खूण उमटायची. त्यांना वेळसुद्धा घालायची होती, पण गुरव म्हणाला, देवीला मिनिटात बांधू नका. तेव्हा नुसत्या दिवसावर भागवलं. गावाने आधी थट्टा केली. मग ज्याच्या घराचा दिवस फोनवर येईना तो रुसायला लागला, तेव्हा भावोजींना कळलं की आपलं बस्तान बसलं.

मी दमयंती. रत्नागिरीत मी मोटार चालवायला शिकवते. मी तापट आहे असं लोक म्हणतात. दिवसभर दुसऱ्याच्या पायाखालच्या क्लचवर जीव ठेवून बसा आणि मग शांत राहून दाखवा. भावोजींना मात्र मी स्टिअरिंग कधी दिलं नाही. मेहुणीने ओरडलेलं त्यांना चालायचं नाही आणि न ओरडता मला शिकवता येत नाही.

यंदाचा शिमगा भावोजींना फार मोलाचा होता, आणि त्याचं कारण होती खालच्या वाडीतली हौसाकाकी. तिच्या नवऱ्याचं, धोंडूकाकांचं, खूप वर्षांपूर्वी आपल्या थोरल्या भावाशी, गोविंदकाकांशी, पालखीला खांदा कुणी आधी द्यायचा यावरून वाजलं. मिटवून घेतलं असतं तर चार शब्दांत मिटलं असतं. पण धोंडूकाका म्हणजे हट्टी. पालखी दारात आली तेव्हा त्यांनी घराचं दार लावून घेतलं. ‘माज्या दारात आनू नका,’ असं आतून ओरडून सांगितलं. पुढच्या वर्षी पालखी तिथे थांबली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग तीच रीत पडली. दोघे भाऊ गेले, दार मात्र पालखीला बंदच राहिलं. हौसाकाकीचा मुलगा शिवा मुंबईला राहतो, तो शिमग्याला गावात पाऊल टाकेना. आणि काकी दर वर्षी ढोल जवळ येऊन पुढे जाताना ऐकत खिडकीत उभी राहायची. हे मी स्वतः पाहिलंय. त्या बाईने कधी कुणाला शिवी दिली नाही, ह्याचाच मला राग यायचा.

यंदा भावोजींनी गावकीच्या बैठकीत विषय काढला. सगळे म्हणाले, पालखी जाऊ दे की, आमचं कुठं काय म्हणणं आहे! इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच. भावोजींनी शिवाला आमंत्रण धाडलं. तीन दिवस काही नाही. मग एका दुपारी ‘येणार’ची हिरवी खूण उमटली, तर हा माणूस तो फोन घेऊन रत्नागिरीतल्याच मांडवीच्या आपल्या घरून माझ्या घरी चालत आला. ‘बघ गो दमू, शिवा येतोय.’ मी म्हटलं, फोनवरून सांगितलं असतंत तरी चाललं असतं. तर म्हणे, दाखवायचं होतं.

आणि तेवढ्यात पुण्याहून मुलाने नवा फोन पाठवला. जुन्याची काच तडकलेली होती आणि बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नव्हती. मुलगा म्हणाला, बाबा, दोन्ही फोन शेजारी ठेवा, वायफाय चालू ठेवा, सगळं आपोआप येईल. ताईने नव्या फोनला हळदकुंकू लावलं. भावोजींनी दोन्ही फोन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी निजवले आणि स्वतः समोर खुर्ची घेऊन बसले. मधे वायर नाही, काही नाही, आणि इकडचं तिकडे चाललंय, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटत होतं की चहा निवला तरी हात लावला नाही. ईमेल आले. फोन नंबर आले. कॅलेंडर आलं. ताईला त्यांनी हाक मारली, ‘अगो, सगळी गाडी न थांबता पोचली!’

पोचली खरी, पण दोनदा. भावोजींची जुनी सवय अशी की घराचा दिवस आधी नुसता फोनात टिपायचा आणि मग आमंत्रणासाठी ईमेलच्या खात्यावर चढवायचा. जुन्या फोनात ते फोनातलं टिपण झाकलेलं होतं. नव्याने सगळं उघडं करून मांडलं. प्रत्येक घर दोनदा दिसायला लागलं, एक पिवळ्या रंगात, एक निळ्या. एका फलाटावर एकाच गावाच्या दोन गाड्या ज्याने जन्मात कधी लागू दिल्या नाहीत, त्याला हे बघवेल होय? बसले पुसायला. पिवळं पुसायचं, निळं ठेवायचं. वरची वाडी झाली, मधली झाली, खालच्या वाडीत आले. तिथे ‘शिवा’ नावाची चार घरं! दोन पिवळी, दोन निळी.

आता खालच्या वाडीत शिवा आहेतच दोन. भांडलेल्या दोन्ही भावांनी आपल्या बापाचं नाव आपापल्या मुलाला ठेवलं. बापाचं नाव घरात चालू राहावं ही दोघांचीही इच्छा, आणि त्यात कोण माघार घेणार? गोविंदकाकांचा शिवा गावातच रिक्षा चालवतो. धोंडूकाकांचा म्हणजे हौसाकाकीचा शिवा मुंबईला. दोघांकडे पालखी एकाच दिवशी यायची होती, घराला घर लागून. भावोजींना हे झोपेतसुद्धा ठाऊक होतं. पण पुसून पुसून माणसाचा हात चालू लागतो आणि डोकं मागे राहतं. दोन पिवळी पुसली, तरी दोन शिवा उरलेच. म्हणून एक निळाही पुसला. फोनने विचारलं, आमंत्रितांना रद्द झाल्याचं कळवू का? भावोजींनी सांगितलं, कळव. उभ्या नोकरीत त्यांनी प्रवाशांना न कळवता गाडी रद्द केलेली नव्हती.

मग फोनने आणखी विचारलं, ही दोन नावं सारखी दिसतात, एकत्र करू का? तर तेही करून टाकलं. दोन शिवांचा फोनपुरता एक शिवा झाला. मनाने कधी झाले नव्हते ते.

खालच्या वाडीचा दिवस जवळ आला. आदल्या दिवशी सकाळी मी ताईकडे आंबोळ्या खायला गेले होते, तेव्हा गावातून शेजारणीचा फोन आला. ‘सदूभावजी, हौसाकाकी घराला कुलूप लावून गेली. वेळणेश्वरला, लेकीकडं. शिवाच्या मोबायलवर आलंय म्हनं, पालखी रद्द.’

भावोजींना काही समजेना. ‘रद्द? कोनी केली रद्द?’ असं ते दोनदा म्हणाले. मी त्यांच्या हातातला फोन ओढला, पुसलेल्या गोष्टी जिथे जाऊन पडतात ते पान उघडलं आणि पिवळ्यांच्या ढिगात तो एक निळा शिवा त्यांच्यापुढे धरला. भावोजींनी नावावर बोट ठेवून ते वाचलं. मी तोंड उघडलं होतं, चांगलं खरमरीत बोलणार होते. त्यांचा चेहरा बघून मिटलं.

‘दमू, ती बाय परत दार लावून गेली गो,’ ते म्हणाले. ‘ह्या वेळेला माझ्यामुळे.’

अडचण अशी होती की बंद घरापुढे पालखी थांबत नाही. गावाने कितीही मनापासून ठरवलं असलं, तरी उद्या ढोल वाजत काकीच्या अंगणाशी येणार, दाराला कुलूप बघणार आणि पुढे जाणार. आणि एकदा अशी पुढे गेली असती, तर त्या घरात पुन्हा हा विषय काढायची कुणाची छाती झाली नसती.

भावोजींनी शिवाला फोन लावला. ‘शिवा, बाबा, चूक झाली रे माझी, तुझी पालखी रद्द नाय...’ पलीकडून आवाज आला, ‘काका, मी रिक्षावाला शिवा.’ पुन्हा लावला. पुन्हा रिक्षावाला. तिसऱ्यांदा रिक्षावाला म्हणाला, ‘काका, तुमी तीन येळा मनाच माफी मागितलीत. झालंय काय ते तरी सांगा.’ भावोजींनी सगळं सांगितलं. तोवर मी एकत्र झालेले नंबर उसवून मुंबईचा वेगळा काढला. तो वाजला आणि कापला गेला. मग बंदच लागायला लागला.

‘चला,’ मी म्हटलं. ‘मुंबईला पोचता येत नाही, वेळणेश्वरला येतं.’

माझी शिकवायची गाडी काढली. तिला शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे, आणि आज तिथे भावोजी बसले होते. मी वेग घेतला की त्यांचा पाय त्या ब्रेकवर. गणपतीपुळ्याचा फाटा येईपर्यंत मी सहन केलं. मग म्हटलं, ‘भावोजी, पाय वर घेऊन मांडी घाला, नाहीतर इथेच उतरवते.’ त्यांनी मुकाट्याने मांडी घातली. जयगडला मोटारी खाडीपार नेणारी बोट नुकतीच सुटलेली. दुसरी येईस्तोवर ते धक्क्यावर येरझाऱ्या घालत होते आणि तिथल्या माणसाला विचारत होते, बोट वेळेवर आहे ना? आयुष्यभर लोकांनी त्यांना जे विचारलं, ते आज ते दुसऱ्याला विचारत होते. तो माणूसही खास चौकशीच्या खिडकीतला निघाला. ‘येईल तेव्हा येईल,’ म्हणाला.

पलीकडे तवसाळला उतरलो. वेळणेश्वरला पोचल्यावर भावोजींनी देवळापाशी गाडी थांबवायला लावली आणि नारळ घेतला. मला वाटलं, शंकराला ठेवायचा असेल. पण ते तो घेऊन तसेच गाडीत बसले.

हौसाकाकी लेकीच्या पडवीत ओले काजू सोलत बसली होती, चीक लागू नये म्हणून हाताला राख फासून. आम्हाला बघून उठली नाही. लेक आणि जावई बाहेर आले, दोन नातवंडं आली.

‘कशाला आलायस सदू?’ काकी म्हणाली. ‘नगं व्हतं तर गप ऱ्हायाचं. आदी बोलवायाचं आनी मग रद्द करायाचं, ही कंची रीत? मना खिडकीची सवय हाय. पन माज्या पोराचं कशाला हसं केलंस?’

भावोजींनी फोन काढला, निळं-पिवळं दाखवायला लागले. काकीने तिकडे बघितलंसुद्धा नाही. ‘मना ता नगं दाखवू. त्यानंच सांगितलं न्हवं रद्द?’

बरोबरच होतं तिचं. ज्या यंत्राने एकदा दार लावलं त्याच्याच साक्षीवर ती दार कशी उघडणार? भावोजींनी फोन खिशात टाकला. चपला काढल्या, टोपी सारखी केली, नारळ काकीच्या पुढ्यात काजूंच्या शेजारी ठेवला, हात जोडले, आणि माझ्या डोळ्यांदेखत चक्क गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. शिमग्यात गुरव देवीपुढे घालतो तसं, त्याच हेलात, आणि माइकवरच्या त्या जुन्या आवाजात.

‘हे आई वाघजाई! आज हा तुझा सदू लेकरू वेळणेश्वराच्या हद्दीत उभा राहून तुला हाक मारतोय. नव्या मोबायलच्या हौसेपायी ह्याच्या हातून जी काय चूकभूल झाली असेल...’

‘होय महाराजा!’ काकीचा जावई सवयीने म्हणून गेला. गाऱ्हाणं कानावर पडलं की कोकणी माणसाच्या तोंडून ते निघतंच, तो काय करणार!

‘...ती पोटात घाल! दोन शिवांतला एक शिवा ह्या आंधळ्यानं पुसला, त्याचा राग त्या पोरावर आनी त्याच्या आईवर काढू नको...’

‘होय महाराजा!’ आता नातवंडंही ओरडली.

‘...तुझी पालखी उद्या खालच्या वाडीत यायची ती येऊ दे! आनी हौसाकाकीला त्या दाराचं कुलूप काढायची बुद्धी दे...’

‘मना बुद्दी दे?’ काकी ताडकन उभी राहिली. ‘मना? चूक तुजी आनी बुद्दी मना? तुजी तू माग की रं मुडद्या!’

‘होय महाराजा!’ मी सगळ्यात मोठ्याने ओरडले.

काकीने माझ्याकडे रागाने बघितलं. मग तिचं तोंड हलायला लागलं. हसू आवरायला तिने पदर तोंडाशी नेला, तर हाताची राख तोंडभर झाली. लेक हसली, पोरं हसली. भावोजी मात्र हात जोडून तसेच उभे, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते बघून काकीने तोंडावरचा पदर खाली केला.

‘रडतोस काय,’ ती म्हणाली. ‘येतंय मी. कुलूप काडतंय. पन शिवाचं काय? पोरगा नसंल तर माज्या दारात पालकी येऊन मी करू काय?’

 तिच्या मोबाईलवरून शिवाला लावून बघितला, तरी त्याचा बंदच. तरी ती निघाली. मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली. परतीची बोट खाडीच्या मध्यावर असताना तिचा तो बटणांचा फोन वाजला. तिने कानाला लावला. आम्ही दोघांनी वळून बघितलं. ती नुसती ‘व्हय... व्हय... बरं’ म्हणत होती. मग फोन पिशवीत ठेवून तिने पिशवीचे बंद नीट बांधले.

‘काय म्हणाला?’ भावोजींनी विचारलं.

‘येतोय,’ ती म्हणाली. ‘गोयंदाच्या शिवानं त्येला फोन केला व्हता म्हनं.’

झालं होतं असं. भावोजींनी तीन वेळा चुकून ज्याची माफी मागितली, तो रिक्षावाला शिवा फोन ठेवून गप्प बसला नाही. मुंबईच्या शिवाचा नंबर त्याच्याकडे नव्हता. लहानपणानंतर दोघे एकमेकांशी बोललेलेच नव्हते. त्याने मुंबईत असलेल्या गाववाल्यांना फोन केले, शिवा जिथे काम करतो तिथला नंबर मिळवला आणि तिथे फोन लावून त्याला बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते दोघांनी कुणाला पूर्ण सांगितलं नाही. पण रिक्षावाला एवढं म्हणाला, की त्याने आधी मुळी पालखीचं काढलंच नाही. म्हणाला, ‘शिवा, मी शिवा.’ 

निवळीला हायवे गाठून आम्ही देवरूखच्या रस्त्याला लागलो, तोवर भावोजी माझ्या शेजारी मांडी घालूनच झोपले होते. काकीने स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. शेजारच्या बायका शेण घेऊन आल्या, अंगण सारवलं, कुणी रांगोळी आणली, कुणी ओटीला खण दिला. काकी सगळ्यांना सारखी सांगत होती, सदूच्या मोबायलनं घोळ घातला बघा. तिने तो सगळा दोष फोनवर टाकला आणि भावोजींना मोकळं केलं, हे माझ्या लक्षात आलं.

सकाळी देवरूखच्या स्टँडवर मुंबईची गाडी आली. न्यायला रिक्षावाला शिवाच गेला होता. दोघे एकाच रिक्षातून अंगणात उतरले. एकाच आज्याचे नातू, चेहरेही तेच. काकी चौकटीत उभी होती. तिने पुढे जाऊन मुलाला धरलं नाही, नुसतं म्हणाली, ‘हातपाय धू. देवी येतेय.’

ढोल जवळ आला. दर वर्षी जिथून तो पुढे जायचा तिथे आला, आणि वळला. अंगणात पालखी नाचायला लागली, गुलाल उडाला. कुणीतरी शिवाला पुढे ढकललं. एका दांड्याला तो, दुसऱ्याला रिक्षावाला. भावोजी कुडाला टेकून उभे होते, ओठ दाबून.

सगळे देवीकडे बघत होते. काकी बघत होती मुलाच्या खांद्याकडे. त्याला सवय नव्हती, दांडा हाडावर घासत होता. पालखी नाचायची थांबली तशी ती पुढे झाली. ओटीचं ताट मला दिलं, आपल्या पदराचं टोक ओढून त्याची घडी केली आणि दांड्याखाली त्याच्या खांद्यावर सारली. ‘टोचतंय काय रं?’ तिने विचारलं. एवढा मोठा बाप्या, त्याने नाही म्हणून मान हलवली आणि हुंदका देऊन रडायला लागला. खाली वाकता येत नव्हतं, डोळे पुसता येत नव्हते, कारण खांद्यावर देवी होती. काकीनेच त्याचे डोळे पुसले.

मीही रडले, कबूल करते. भावोजी माझ्याजवळ आले, नाक ओढत म्हणाले, ‘सुटलो गो दमू.’ आणि डोळे पुसायला माझा एक हात मोकळा व्हावा म्हणून त्यांनी ओटीचं ताट एका बाजूने धरलं.